मागेपुढे किती?

रेवसच्या धक्क्यावर करंजाच्या लाँचची चौकशी केली. तिघांचेही उत्तर एकच: "येईल अर्ध्या तासात." मागेपुढे किती? एक म्हणाला पाच मिनिटे, दुसरा दहा. तिसरा नुसताच हसला.

भाचा म्हणाला, "मामा, आमच्या 'आर'मध्ये अस्संच!" 'आर' म्हणजे संख्याशास्त्राची फुकट संगणकप्रणाली. अंदाज कितपत चुकेल, ती 'प्रमाण त्रुटी' काढायला तिच्यात 'सँडविच', 'क्लबसँडविच', 'एस्टिमेटआर' अशी दुकाने शेजारी शेजारी. अंदाज तोच, पण विचारल्याशिवाय पहिले एचसी३ सूत्र लावते, तिसरे एचसी२. नमुना लहान असला की फरक मोठा. भाच्याच्या पाहणीत एका त्रुटीने योजना यशस्वी, दुसरीने 'सांगता येत नाही'!

"मग प्रबंधात कुठली लिहिणार?"

"सोयीची," तो पुटपुटला.

"गड्या, दुकान आकडा बघण्याआधी ठरवायचं!"

लाँच सव्वा तासाने आली. तिसरा अजून हसतच होता.