आजीचे नाक

आपल्याला नाक आहे याची आठवण माणसाला सर्दी झाली म्हणजेच होते, असे म्हणतात. माझ्या बाबतीत थोडे निराळे घडले. मला नाक आहे हे मला कळले ते आजीचे नाक गेल्यावर.

२०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या घरातली पाचही माणसे आडवी झाली. यथावकाश सगळी उठली. आजीही उठली. पण एके सकाळी चुलीवरचे दूध करपून पातेले काळे झाले, तरी ती शेजारी बसून शांतपणे तांदूळ निवडत होती. आई मागीलदारातून धावत आली तेव्हा आजीने वर पाहिले आणि विचारले, “काय झालं गो?” त्या क्षणी आम्हाला उमगले. आजीला वास येत नव्हता.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढे काय मोठेसे? डोळे शाबूत, कान शाबूत, मग नाकावाचून काय अडते? पण आमची आजी तुम्हाला ठाऊक नाही. देवरुखजवळच्या आमच्या खेड्यातल्या घराला एक वास होता आणि तो तिने जवळजवळ साठ वर्षे राखला होता. ओटीवर पाऊल ठेवताच पाहुणा म्हणे, “वा, कसं प्रसन्न वाटतं तुमच्याकडे!” वास कसला ते मात्र त्याला सांगता येत नसे. सारवलेल्या खळ्याचा थोडा, देवघरातल्या उदाचा थोडा, माठात टाकलेल्या वाळ्याचा थोडा, आणि पुष्कळसा कसलाच वास नसण्याचा. यातले शेवटचे सर्वांत कठीण. आजीचे सारे शास्त्र त्यातच सामावलेले होते. ती म्हणे, “चांगला वास आणायचा नसतो गो. वाईट वास घालवायचा असतो. मग घर आपला वास आपण आणतं.”

मे महिन्यात घरातल्या गाद्या, गोधड्या, पाट, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, सगळे खळ्यात उन्हाला पडे. पावसाआधी भिंतींना चुना द्यायचाच. तेलाचा रंग तिने कधी लावू दिला नाही. चुना अल्कधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी सहजी धरत नाही, हे मी पुढे पुस्तकात वाचले. तिला ते पुस्तकावाचून ठाऊक होते. कपाटात दमट हवेसाठी फडक्यात बांधलेले कोळसे. लुगड्यांच्या ट्रंकेत बकुळीची फुले, कारण वाळल्यावरही वास धरून ठेवणारे असे फूल विरळाच. डांबराच्या गोळ्यांना घरात मज्जाव, त्यांनी म्हणे लुगड्यांना दवाखान्याचा वास लागतो. कापूर देवापुरता. “हल्लीच्या कापरात राम नाही,” असे ती म्हणे आणि आम्ही हसत असू. पण बाजारातला बहुतेक कापूर आता झाडाचा नसतो, टर्पेंटाइनपासून कारखान्यात करतात. म्हणजे राम नाही हे खरेच!

तर असे हे नाक गेले, आणि त्याच्या जागी माझी नेमणूक झाली.

रोज सकाळी आजी मला घरभर फिरवी. “सांग.” मी सांगे. पहिल्या दिवशी मी म्हटले, “घाण वास येतोय.” ती रागावली. “घाण म्हणजे काय? नीट सांग. कुबट, खवट, आंबूस, करपट, काय ते सांग.” तेव्हा माझ्या ध्यानात आले की हे शब्द म्हणजे नुसती शब्दांची श्रीमंती नव्हे. प्रत्येक शब्दाला घरातली एकेक जागा बांधलेली आहे. कुबट म्हटले की आजी कपाट उघडून सगळे बाहेर काढायला लावी. खवट म्हटले की खोबरेलाची बरणी किंवा जुन्या शेंगदाण्यांचा डबा. आंबूस म्हटले की ओट्यावरचे ओले फडके, नाहीतर रात्रीच्या भाताचे पातेले. वैद्याने नाडी पाहावी तशी ती माझ्या तोंडचा शब्द पाही, आणि बहुधा चुकत नसे. मराठी विषय घेऊन मी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आले आहे, पण शब्द जपून वापरायची सवय मला वर्गात लागण्याआधी आजीमागे घरभर हिंडताना लागली.

डॉक्टरांनी तिला एक उपाय सांगितला होता. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, या चार वासांची दिवसातून दोनदा हुंगण्याची तालीम करायची. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. बारा आठवडे तालीम करणाऱ्या रोग्यांपैकी काहींच्या नाकात सुधारणा दिसली होती. आजीने बारा आठवडे सोडाच, सहा महिने तालीम केली. डोळे मिटून, जपाला बसावे तशी बसे. दिवाळीच्या सुमारास एकदा लवंग परत आली. “आली गो!” म्हणून ती ओरडली, तशी आम्हाला वाटले दारात कोणी पाहुणी आली. पुढे लिंबू थोडेसे आले. बाकी काही आले नाही.

इथवर सारे गमतीचे होते. आता जे सांगायचे ते सांगताना मला अजूनही संकोच वाटतो.

२०२३ च्या जूनच्या सुरुवातीला आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले, वाचा अर्धी गेली. माजघरालगतच्या खोलीत त्यांची खाट टाकली. पाऊस सुरू झाला होता. त्यांना वारा लागू नये म्हणून आजीने पश्चिमेची खिडकी बंद करून घेतली आणि कुणी उघडू नये म्हणून कडीला सुतळी बांधली. दिवसातून चार वेळा ती त्यांचे कपडे बदली, पुसून घेई, पावडर लावी. तिच्या सेवेत तिळभर कसूर नव्हती. पण पावसाळ्यात कापसाची गादी वाळत नाही, धोतराची फडकी दोरीवर चार चार दिवस ओलसर राहतात, आणि खिडकी बंद. आषाढ संपतासंपता त्या खोलीला वास येऊ लागला.

आणि रोज सकाळी त्या खोलीच्या दारात आजी मला विचारी, “सांग. येतो काय?”

मी सांगे, “नाही.”

का सांगत होते? तिला वाईट वाटू नये म्हणून, असे मी स्वतःला समजावीत असे. थोडे खरेही असेल ते. पण दुसरे कारण असे की हो म्हटले असते तर पुढचे काम निघाले असते, आणि मला त्या खोलीत जाणे नको वाटू लागले होते. एकदा एक मैत्रीण पुस्तक न्यायला यायची होती, तर तिला मी एस.टी.च्या थांब्यावरच गाठले. मुंबईच्या काकांनी पाठवलेला मोगऱ्याच्या वासाचा फवारा मी आजीच्या नकळत खोलीत मारून पाहिला. त्याने एवढेच झाले की मोगऱ्याच्या ताटव्यात कुणीतरी आडोसा शोधला असावा असे वाटू लागले. मग ऊद जाळला. आजोबांना खोकल्याची अशी उबळ आली की डॉक्टरांची बोलणी खावी लागली. धूर तो धूरच, मग तो देवापुढचा का असेना, आजाऱ्याच्या छातीला तो भोवतोच.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. त्या महिन्यात बाबांच्या एक दूरच्या आत्या आजोबांना पाहायला आल्या. दाराशी आल्या, थबकल्या, पदर नाकाला लावला, आणि “गाडी चुकेल हो वहिनी,” म्हणून चहादेखील न घेता गेल्या. आजीचे नाक गेले होते, डोळे नव्हते.

संध्याकाळी दिवे लागल्यावर तिने मला जवळ बोलावले.

“खोलीला वास येतो ना?”

मी गप्प.

“कधीपासून?”

“आषाढापासून.”

“कसला?”

“उग्र. डोळ्यांना झोंबतो.”

“म्हणजे मुताचा.” ती सरळ म्हणाली. मग थोड्या वेळाने, “मला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाहीस. आणि ह्यांचं काय? ह्यांचं नाक शाबूत आहे गो.”

हा विचार माझ्या मनाला एकदाही शिवला नव्हता. कुणी भेटायला आले की आजोबा तोंड भिंतीकडे वळवीत. आम्ही समजत होतो की त्यांना माणसे ओळखू येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने कोयतीने कडीची सुतळी कापली. खिडकी उघडली, समोरचे मागीलदार उघडले. बाबांनी खिडकीबाहेर झापाचा आडोसा बांधला, म्हणजे वारा येईल पण पावसाची झड येणार नाही. कापसाची गादी खोलीतून गेली ती गेलीच. तिच्या जागी मेणकापड आणि त्यावर आजीच्या जुन्या लुगड्यांच्या घड्या. ओले कापड साठवायचे नाही, निघाल्याबरोबर पाण्यात. वाळवण्यासाठी पडवीत शेगडी पेटवून तिच्यावर बांबूची डाल पालथी घातली आणि डालीवर फडकी पसरली. बाळंतिणीच्या घरी बाळाची दुपटी अशीच वाळवतात.

जमीन पुसण्याच्या पाण्यात मी धुण्याचा सोडा टाकला, कारण आमच्याकडे मळ म्हटला की सोडा. वास कमी व्हायचा तो अधिकच भडकला. कॉलेजात रसायनशास्त्राच्या मॅडमना भीतभीत विचारले, तेव्हा त्यांनी फळ्यावर न लिहिता दोन वाक्यांत उलगडा केला. लघवीतल्या युरियापासून जंतू अमोनिया तयार करतात. अमोनिया स्वतः अल्कधर्मी, त्यात तुम्ही आणखी अल्क घातला तर तो सुटून वरच येणार. तिथे आम्ल हवे. राखेचेही तेच, ती टाकू नका. मी घरी येऊन हे सांगितले, तर आजी म्हणाली, “आंबट हवं ना? मग परसात बिंबलं कुजतायत ती काय कामाची?” बिंबले ठेचून, गाळून ते पाणी आणि त्यात दोन लिंबे, याने आम्ही मेणकापड आणि फरशी पुसू लागलो, फडकीही शेवटच्या पाण्यात त्यातूनच काढू लागलो. आठवडाभरात डोळ्यांना झोंबणे थांबले. पंधरा दिवसांनी सकाळी आजीने विचारले, “सांग,” तेव्हा मी खोलीत जाऊन, उशीशी वाकून, नीट हुंगून सांगितले, “थोडं लिंबू. थोडा पाऊस. कोपऱ्यात अजून कुबट आहे.” कोपऱ्यात जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा निघाला.

आजोबांनी त्याआधीच, पहिल्याच दिवशी, तोंड खिडकीकडे वळवले होते. अर्ध्या वाचेने ते काहीतरी म्हणाले. मला ते “वारा” असे ऐकू आले. आजी म्हणते, त्यांनी तिचे नाव घेतले. आमच्याकडे नवरे नाव घेत नसत, म्हणून मी ते मनात ठेवते.

२०२४ च्या आश्विनात आजोबा गेले. खोली धुतली, चुना दिला. मात्र त्यांची पांघरायची एक गोधडी आजीने न धुता ट्रंकेत ठेवली. बकुळीची फुले त्या घडीत तिने घातली नाहीत.

वर्षश्राद्ध झाल्यावर, पाऊस ओसरला तशी तिने ट्रंक उघडली. गोधडी माझ्या हातात दिली.

“सांग.”

मी गोधडीत तोंड खुपसले. वरच्या घडीला कुबट वास लागला होता. एक पावसाळा ट्रंकेत गेला होता. आत, मधल्या घडीत, खोबरेल होते, तंबाखू होती.

“कुबट आहे,” मी म्हटले. “पण आत आजोबा आहेत. थोडेसेच.”

आजीने गोधडी घेतली, नाकाला लावली आणि बराच वेळ तशीच धरली. लवंग हुंगताना डोळे मिटी तसे तिने मिटले होते.

“ऊन दिलं तर जाईल?”

“जाईल.”

“आणि नाही दिलं तर?”

“कुबट वाढेल. मग सगळी गोधडीच जाईल.”

खळ्यात नुकते सारवलेले होते. आजीने गोधडीचे एक टोक माझ्या हातात दिले, दुसरे स्वतः धरले. दोघींनी मिळून ती झटकली आणि काठीवर उन्हात पसरली.