शीव

माझा आजा शीव दाखवायचा.

नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव. ओढ्यानं पात्र बदललं, कुणी बांध सरकवला, दोन गावांचा तंटा उभा राहिला की पाटील-कुलकर्णी शिवारात जाऊन उभे राहायचे आणि महारवाड्यात हाळी यायची. आजा काठी घेऊन पुढं, मागं दोन गावं. आजा काठी टेकवील तिथं शीव. गावाच्या शिवेचा धोंडा न् धोंडा महाराला पाठ असतो हे घाटावर सगळीकडं धरून चालायचे. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मोठी. साक्ष झाली की आजा परत आपल्या जागी, म्हणजे गावाबाहेर.

बा म्हणायचा, "शीव आपुन दाखवायची, आन गावात कुनाला शिवायचं मातर न्हाई." आणि हसायचा. मला हसू यायचं नाही.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं. वतन शेवटी गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. आजाची काठी आढ्याला खोचून पडली. मग बहात्तरचा दुष्काळ. बा खडी फोडायला गेला आणि तिथनं एका मुकादमाबरोबर बोईसरला आला. तारापूरची अणुवीज १९६९ ला सुरू झालेली, शेजारी एमआयडीसीचे कारखाने उभे राहत होते. पाया खणायला, गटारं काढायला, डांबर उचलायला माणूस लागत होता. दुष्काळानं तो फुकटात पुरवला.

कारखान्यांच्या पाठीमागं, एका नाल्याच्या दोन्ही अंगाला आमची वस्ती बसली. जागा सरकारी. आधी आम्ही नगरवाले, मग जालना-परभणीचे, मग जळगावकडले. चार घरं वारल्यांची, ती आमच्या कितीतरी आधीची. नाल्याच्या पाण्याला रोज नवा रंग. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, त्यात तारापूरचा पहिला नंबर आला. पोरं म्हणाली, चला, कशात तरी पहिला आला. वस्तीचं आणि ग्रामपंचायतीचं नाव मी लिहीत नाही. माझी पोरं तिथंच राहतात.

नाला आमच्यात कधी आडवा आला नाही. फळ्या टाकलेल्या होत्या. विहार नाल्याच्या पलीकडं, विहाराची चावी अलीकडं. नळ अलीकडं, म्हणून पलीकडच्या बाया पहाटे हंडे घेऊन अलीकडं. चौदा एप्रिलची मिरवणूक पलीकडनं निघायची, फळ्यांवरनं नाचत अलीकडं यायची. दरवर्षी एखादा नाल्यात पडायचाच. माझं लग्न झालं तेव्हा मी अलीकडं खोली घेतली, आई-बा पलीकडंच राहिले. मी सकाळी दात घासत त्यांच्याकडं जायचो.

मी झेडपीचा मास्तर. मास्तर म्हणजे सरकारचा हरकाम्या. पोलिओ, मतदारयादी, निवडणूक, खिचडी, आणि दहा वर्षांनी एकदा माणसं मोजणं. २०१० च्या मे महिन्यात घरयादीचं काम आलं. ट्रेनिंगमध्ये नजरी नकाशा काढायला शिकवला. नजरी म्हणजे डोळ्यांनी बघून, मोजपट्टी न लावता. पक्कं घर चौकोन, कच्चं घर त्रिकोण. राहतं नसेल तर आत तिरप्या रेघा. वायव्य कोपऱ्यापासून नंबर घालत जायचं. मला ते काम आवडलं, खोटं कशाला सांगू. आमची वस्ती तोवर कुठल्याच नकाशात नव्हती. तलाठ्याच्या नकाशात तिथं नुसता एक सर्व्हे नंबर आणि पुढं 'सरकार'. मी पहिल्यांदा तिथं घरं काढली. एकेक त्रिकोण. वारली म्हातारीचं कुडाचं घर काढलं तेव्हा ती वाकून बघत म्हणाली, "गुरुजी, मी यात कुठं हाय?" मी बोट ठेवून दाखवलं. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

एका प्रगणकाकडं साधारण सहाशे-साडेसहाशे माणसं असावीत, सव्वाशे-दीडशे घरं, असा हिशेब. आमची वस्ती वाढत वाढत त्याच्या पुढं गेलेली. पर्यवेक्षक म्हणाले, "दोन गट करा. मात्र हद्द पक्की घाला. उद्या नवा माणूस आला तरी ओळखू आली पाहिजे. रस्ता, नाला, रेल्वे, असं काहीतरी."

मी म्हणालो, "नाला आहे की."

पेन्सिलीनं नाल्यावरनं रेघ ओढली. पाच मिनिटांचं काम. पलीकडचा भाग दुसऱ्या गुरुजींना गेला. तो एका गटाला कमी पडत होता म्हणून त्याला मागच्या नव्या बिल्डिंगी जोडल्या. अलीकडच्याला चाळी जोडल्या. मे महिन्याचं ऊन, घामानं कागद भिजायचे. अर्धी घरं कमी झाली म्हणून मला हायसं वाटलं. खाली सही केली, नाव लिहिलं, तारीख टाकली.

पुढच्या फेब्रुवारीत शिरगणती. पलीकडचे गुरुजी म्हणाले, तुमच्या लोकांची घरं तुम्हीच फिरा, मला ते जात विचारायचं जमत नाही. म्हणून मी गेलो. इथं एक गोष्ट सांगतो, ती कुठल्या फॉर्मात नाही.

नुसतं 'बौद्ध' सांगितलं तर माणूस अनुसूचित जातीच्या रकान्यात पडत नाही. धर्म बौद्ध चालतो, १९९० च्या दुरुस्तीनं बौद्धांनाही त्या सवलतीत घेतलं. पण जातीचं नाव यादीतलं लागतं. मी बासमोर बसलो. धर्म लिहिला. जात विचारली.

बा म्हणाला, "ते नाव मी छप्पनला नागपुरात टाकून आलो."

"बा, लिहावं लागतं."

"माझ्या पोटचा पोरगा मला परत त्याच्यात लिवनार?"

"न्हाई लिहिलं तर आपला आकडा कमी पडंल. आकडा कमी पडला तर जागा जाईल."

"कसली जागा?"

"ग्रामपंचायतीतली. राखीव."

बा उठून दाराशी गेला. नाल्याकडं बघत उभा राहिला. त्या दिवशी पाणी निळं होतं. बऱ्याच वेळानं म्हणाला, "लिव. पर मला वाचून दाखवू नगंस."

मी लिहिलं. काही घरांनी नाही सांगितलं. नव्या पोरांनी तर नाहीच. मी यादी पुढं धरली, समजावलं, जबरदस्ती केली नाही. ती माणसं बौद्ध म्हणून मोजली गेली आणि आमच्या रकान्यातून निसटली. त्यांना चूक म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

आता हे आकडे जातात कुठं? तर प्रभागात. ग्रामपंचायतीचे प्रभाग पाडताना माणसं जनगणनेची धरतात. उत्तरेकडनं सुरुवात करून दक्षिणेला शेवट करतात. दर प्रभागात दोन नाहीतर तीन सदस्य, आणि दर सदस्यामागं माणसं सारखी यावीत असं बघतात. नदी, नाला, मोठा रस्ता, रेल्वेलाईन या हद्दी धरतात. नियमात हेही लिहिलेलं आहे की अनुसूचित जाती-जमातीची वस्ती शक्यतो फोडू नये. या 'शक्यतो' शब्दावर कधीतरी स्वतंत्र लिहायला पाहिजे. आमच्या कित्येक पिढ्या या एका शब्दात राहतात.

२०११ चे आकडे आल्यावर प्रभागरचनेचा मसुदा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला. मी बघायला गेलो. प्रभाग दोन आणि प्रभाग तीन यांच्यामध्ये एक रेघ, आणि रेघेवर लिहिलेलं, 'नाला'. अलीकडचे आम्ही चाळींबरोबर दोनमध्ये. पलीकडचे बिल्डिंगींबरोबर तीनमध्ये. एकत्र असतो तर एका प्रभागात आम्ही निम्म्याला पोचलो असतो. आता दोन्हीकडं लोणच्यासारखे.

हरकत घेतली. सुनावणीला आम्ही सात जण गेलो, कारखान्यातनं खाडे करून. कुठल्या कचेरीत ते सोडा. साहेब काही वाईट माणूस नव्हता, बसा म्हणाला, पाणी मागवलं. मी नियम वाचून दाखवला. तो म्हणाला, "गुरुजी, बरोबर आहे तुमचं. पण प्रगणन गट फोडता येत नाही. गट सबंधच्या सबंध उचलून प्रभागात टाकायचा. गटाचीच हद्द नाल्यावर आहे, आम्ही काय करणार?"

आमच्यातला एक तावातावानं उठला. "मग ही गटाची हद्द कुनी घातली, त्याला बोलवा हितं."

साहेबानं फायलीतली झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. खाली माझी सही होती.

तो दिवस मी विसरलो नाही. सहाही जणांनी माझ्याकडं बघितलं आणि कुणी एक शब्द बोललं नाही. परतताना रिक्षातही नाही. स्टेशनावर एकानं चहा सांगितला, सात कप, माझाही धरून. तो चहा मला शिव्यांपेक्षा जड गेला.

अनुसूचित जातीची एक जागा निघाली, ती टक्केवारीनं प्रभाग तीनला गेली. आमच्याकडनं नळाच्या भांडणात पुढं असायची ती बाई उभी राहिली. ती अलीकडं राहायची, पण दुसऱ्या प्रभागातनं उभं राहता येतं. मत मात्र तिला आम्ही देऊ शकत नव्हतो. ज्यांच्यासाठी तिनं रात्री तहसीलीसमोर बसून काढल्या ते सगळे रेघेच्या अलीकडं. बिल्डिंगवाल्यांनी एक ठेकेदाराचा माणूस शोधला. आमच्यातलाच. जयभीम घालणारा. तो निवडून आला. मतमोजणीच्या दिवशी बा म्हणाला, "तवा माझं नाव लिवलंस ते ह्येच्यासाठी?"

त्यानंतर मी वाचत गेलो. आमचं दुःख काही नवं नाही. १९३२ च्या पुणे करारात जागा वाढल्या, ७१ च्या १४८ झाल्या, पण शेवटचं मत सगळ्यांचं झालं. आमच्या जागेवर कोण बसणार हे आमच्यापेक्षा इतरांच्या हातात गेलं. खुद्द बाबासाहेब १९५२ ला मुंबईत पडले आणि राखीव जागेवर काजरोळकर निवडून आले. तिकडं अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या टस्कीगी गावाची हद्द चौकोनी होती. १९५७ साली कायदा करून ती अठ्ठावीस बाजूंची केली, अशी की काळे मतदार जवळजवळ सगळे गावाबाहेर आणि गोरा एकही नाही. १९६० ला त्यांच्या सुप्रीम कोर्टानं त्याच्याविरुद्ध निकाल दिला. हे वाचून मी रात्रभर जागा होतो. तिथं कुणीतरी मुद्दाम बसून अठ्ठावीस बाजू काढल्या होत्या, म्हणून कोर्टाला दिसल्या. आमच्याकडं एकच सरळ रेघ, आणि ती काढणाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. याच्यावर कुठलं कोर्ट?

वरच्या रेघाही अशाच. बोईसर विधानसभा मतदारसंघ पूर्वी नव्हता. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगानं २००१ च्या जनगणनेवर नवी परिसीमनं केली, ती २००८ ला लागू झाली, आणि २००९ ला बोईसरची पहिली निवडणूक झाली. पालघर तालुक्याचा एक तुकडा आणि वसई तालुक्याचा एक तुकडा जोडून तो केलेला. डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर या चारही जागा आदिवासींना राखीव, लोकसभेची पालघरही. आमच्यातले काही यावर कुरकुरतात. मी त्यांना त्या वारली म्हातारीच्या घरी नेतो. जमीन कुणाची होती ते तिला विचारा. तिचंही घर माझ्या रेघेनं चुलत्यांपासून तोडलंय, आणि तिनं हरकत घेतलेली नाही, कारण फळ्यावरचं तिला वाचता येत नाही.

आणि गावंच उठतात तिथं शिवेचं काय? अणुवीजच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी उठवली. माणसं नव्या वसाहतीत गेली, नावं बरोबर घेऊन गेली. जुनी शीव कुंपणाच्या आत राहिली.

बा २०१६ ला गेला. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून २०११ चाच आकडा चालत राहिला आणि माझी रेघही. दरम्यान नाल्यावर स्लॅब पडला. वर पेव्हर ब्लॉक, रिक्षा उभ्या राहतात, संध्याकाळी भेळवाला. ज्या पोरांनी नाला बघितलेला नाही ती आता मतदार झाली. त्यांना कळत नाही की समोरच्या दारातला मित्र दुसऱ्या केंद्रावर का जातो.

परवा एक तरुण मास्तर आला. २०२७ च्या जनगणनेची तयारी, आता सगळं मोबाईलवर. हद्दी बघत फिरत होता. माझं नाव कुणीतरी सांगितलं म्हणून दारात आला.

"सर, इथं नाला दाखवलाय. कुठाय?"

"तुमी त्याच्यावरच उभे आहात."

तो खाली बघू लागला. मी चपला घातल्या. म्हटलं, नाला राहू दे, आधी वस्ती कुठनं कुठवर आहे ते बघा. तो म्हणाला, मला वरनं जे आलंय तेच धरावं लागेल, सर. म्हटलं, धरा. पण बघा तर. पलीकडनं आई ओरडली, उन्हात कुठं निघालास रं. मी हात केला, आणि त्याला घेऊन वारली म्हातारीच्या घरापासनं चालायला लागलो.