वर चढून आलीस का?

पाणी आपोआप खाली येतं, मग त्यासाठी इंजिनीअर कशाला? घनसावंगीच्या माळवदापासून पुण्याजवळच्या एका गोडाऊनच्या छपरापर्यंतची ही गोष्ट.

‘तुमची मुलगी नक्की करते काय?’ स्थळ घेऊन आलेल्या काकूंनी विचारलं, तेव्हा आबांनी शांतपणे उत्तर दिलं, ‘छपरावरचं पाणी खाली आणते.’ काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. ते स्थळ पुढे सरकलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

पण आबांचं काही चुकलं नव्हतं. पुण्यातल्या एसी ऑफिसात बसून मी दिवसभर तेच करते. मॉल, गोडाऊन, फॅक्टरी, जिथे म्हणून अवाढव्य छप्पर आहे, तिथलं पावसाचं पाणी कुठून आणि किती जाडीच्या पाइपातून खाली येईल, याची ड्रॉइंग्ज काढते. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन घरी गेले तेव्हा आबांनी विचारलंच होतं, ‘माय, पाणी तर आपोआपच खाली येतं. त्याचा पगार कामून देतेत?’

प्रश्न एकदम करेक्ट. आणि विचारणारा माणूस या विषयातला जाणकार.

आमचं घर जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीत. जुन्या वळणाचं, माळवदाचं. म्हणजे खाली लाकडी तुळया, वर मातीचा जाड थर, आणि भिंतीतून बाहेर डोकावणारी पन्हाळ. दर वर्षी मृग लागायच्या आधी आबा वर चढतात. पांढरी माती पसरतात, भेगा बुजवतात, चोपून घेतात आणि तांब्याभर पाणी ओतून ते पन्हाळीकडे जातं की नाही ते बघतात. उतार चुकला तर पाणी साचणार, आणि साचलं तर रात्री आईच्या अंथरुणावर टपकणार. हे त्यांचं ड्रेनेज डिझाइन. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.

घरापुरतं हे झकास चालतं. गोची होते ती छप्पर मोठं झालं की. जरा हिशेब करू. हजार चौरस मीटरचं छप्पर आणि तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने कोसळणारा पाऊस. म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. दहा लिटरच्या जवळजवळ तीन बादल्या, दर सेकंदाला! आणि हल्लीची गोडाऊन्स हजार नाही, दहा-वीस हजार मीटरची असतात.

नेहमीच्या पद्धतीत हे पाणी उतारावरून घरंगळत पाइपात शिरतं. शिरताना गोल भोवरा करतं आणि सोबत भरपूर हवा ओढून नेतं. बाथरूमच्या जाळीत बघा, सेम भोवरा दिसेल. त्यामुळे उभ्या पाइपात पाणी फक्त कडेकडेने चिकटून उतरतं आणि मधला सगळा भाग हवेचा. पाइपाचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच काय तो कामाला येतो. म्हणजे आपण पैसे मोजतो अख्ख्या पाइपाचे आणि बहुतेक जागा हवेला फुकट देतो. शिवाय आडव्या पाइपाला उतार हवा. शंभर मीटर लांब जायचं तर मीटरभर उंची नुसती उतारातच जाते.

मग उपाय काय? तर हवा बाहेर ठेवायची. याचंच नाव सायफॉनिक ड्रेनेज.

सायफन तुम्हीही बघितलेला असणार. आबा बॅरलमधून डिझेल काढायचे तेव्हा नळीचं एक टोक बॅरलमध्ये, दुसरं तोंडात. एकदा जोरात ओढायचं, झटकन टोक खालच्या कॅनमध्ये सोडायचं आणि थुंकायचं. पुढे डिझेल आपलं आपण येत राहायचं, बॅरलची कड चढून! नळीत वरून खाली पडणारं डिझेल मागच्याला ओढत राहतं. पण वरचं टोक चुकून उघडं पडलं, एक घोट हवा आत गेली, की खेळ खल्लास. पुन्हा तोंड लावा.

शाळेची सहल औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला गेली होती, तेव्हा पाणचक्कीला सरांनीही ‘सायफन’ हा शब्द वापरला होता. लांब डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येतं, उंच भिंतीवर चढतं आणि तिथून हौदात कोसळतं. त्याच्या जोरावर पूर्वी धान्य दळलं जायचं. खरं तर तो उलटा सायफन. तिथे उंचावरच्या पाण्याचा दाब ढकलतो, आमच्या पाइपात पडणारं पाणी ओढतं. पण अट दोन्हीकडे एकच. नळ पाण्याने भरलेला हवा.

हे सगळं समजावून सांगितलं तर आबांचा पुढचा प्रश्न तयार. ‘मग तिकडं तोंड कोण लावतं?’

पाऊस लावतो! १९६०च्या दशकात फिनलंडमधल्या ओलावी एबेलिंग या इंजिनीअरच्या डोक्यातून ही आयडिया निघाली. गटरातल्या आउटलेटवर एक सपाट ताटली बसवायची. तिच्यामुळे पाण्याला वरून थेट आत पडता येत नाही, ते बाजूने ताटलीखालून शिरतं आणि भोवरा तयारच होत नाही. पाऊस हलका असला की हा पाइप कुठल्याही साध्या पाइपासारखाच वागतो. जोर वाढला की ताटली पाण्याखाली जाते आणि हवेची वाट बंद होते. आधी आडवा पाइप भरतो, मग उभा. आणि दहा-बारा मीटर उंचीवरून पडणारा पाण्याचा भरीव खांब मागच्या सगळ्या पाण्याला खेचायला लागतो. ना पंप, ना वीज. आडव्या पाइपाला उतार लागत नाही, पाइप बारीक चालतो आणि उभे पाइपही मोजकेच लागतात. बिल्डर खूश, आर्किटेक्ट खूश.

मग माझं काम कशात? बॅलन्समध्ये. अशी कल्पना करा की तुमच्या तोंडात चार स्ट्रॉ आहेत आणि समोर उसाच्या रसाचे चार ग्लास. एक ग्लास आधी संपला तर पुढे तोंडात नुसती हवा. बाकी तीन ग्लास भरलेले असून उपयोग शून्य. एका पाइपावरच्या सगळ्या आउटलेटचं असंच असतं. जवळच्याने जास्त ओढता कामा नये, लांबच्याने कमी. म्हणून प्रत्येक तुकड्याची जाडी वेगवेगळी काढावी लागते. शिवाय आत ओढ इतकी असते की पातळ पाइप चेपून बसेल, म्हणून जाड एचडीपीईचे, वितळवून जोडलेले पाइप. यासाठी पगार देतेत, आबा!

इथवर सगळं छान. आता जरा अडचणीचं सांगते.

नोकरीचं तिसरं वर्ष. पुण्याबाहेरच्या एका गोडाऊनचं काम पहिल्यांदाच पूर्ण माझ्याकडे होतं. नियम असा की सायफॉनिक सिस्टिमसोबत ओव्हरफ्लो द्यायचा. म्हणजे पाइप तुंबलेच, तर पाणी आत न पडता भिंतीबाहेर पडावं म्हणून गटराच्या टोकाला थोडी उंचावर एक वाट. ड्रॉइंगमध्ये मी ती दाखवलीही होती. मग क्लायंटकडून मेल आली. समोरच्या भिंतीला ती भोकं वाईट दिसतात, शिवाय खर्च वाढतो, काढली तर चालेल का? मला वीकेंडला ट्रेकला जायचं होतं. मी रिप्लायमध्ये दोनच शब्द टाकले. नो ऑब्जेक्शन.

जूनमध्ये एका रात्री फोन वाजला. गटर भरून पाणी गोडाऊनच्या आत कोसळत होतं. मी पोचले तेव्हा नाइट शिफ्टची पोरं घोटाभर पाण्यातून खोकी डोक्यावर घेऊन पळत होती. शिडीने वर चढून टॉर्च मारला, तर आउटलेटमध्ये घुर्रर्र आवाज करत गरगर भोवरे फिरत होते. ताटल्या जागेवरच नव्हत्या! पाचही ताटल्या काढून कोपऱ्यात नीट रचून ठेवलेल्या. मेंटेनन्सच्या माणसाला वाटलं, ही झाकणं पाणी अडवतात, कचरा धरतात, काढली तर पाणी जास्त जाईल. कुणालाही तसंच वाटलं असतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ते झाकण म्हणजेच सगळी सिस्टिम. कागदावर माझा पाइप तुडुंब भरून वाहत होता. प्रत्यक्षात त्यातून हवाच जास्त वाहत होती.

मीटिंगमध्ये सगळी बोटं त्या माणसाकडे वळली. त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपवलं. ओव्हरफ्लो असता तर ताटल्या काढूनही आत इतकं पाणी पडलं नसतं, हे त्या खोलीत फक्त मला नीट माहीत होतं. मी काय बोलले? काही नाही. माझ्या वहीत फुलं काढत बसले.

त्या शनिवारी घरी गेले. आबा माळवदावरच होते. मीही चढले. काही बोलायचं म्हणून दुसऱ्या पन्हाळीकडे बोट दाखवलं. लहानपणापासून बघत आलेय, घराला पन्हाळी दोन आहेत, आणि दुसरी कायम कोरडी. चार बोटं उंचावर बसवलेली.

‘ही कशाला हो आबा? हिच्यातून तर कधीच पाणी येत नाही.’

‘पहिली बुजली तर? चिमणीनं काड्या घातल्या तर? पाणी काय विचारून येतं का, माय?’

पुढे म्हणाले, इतक्या वर्षांत ही पन्हाळ दोन-तीनदाच वाहिली. पण त्या दोन-तीन रात्री घर वाचलं.

आमच्या भाषेत याला ओव्हरफ्लो म्हणतात. चौथी शिकलेल्या माणसाने तो मातीत बसवला होता, आणि बीई झालेल्या मुलीने एका मेलमध्ये उडवला होता.

सोमवारी बॉसला ती जुनी मेल फॉरवर्ड केली. खाली लिहिलं की ओव्हरफ्लो माझ्या संमतीने काढला गेला, चूक त्या माणसाची एकट्याची नाही. बॉस आठवडाभर नीट बोलला नाही. इन्क्रिमेंटवर परिणाम झाला. गोडाऊनला ओव्हरफ्लो बसला. त्या माणसाला मात्र काम परत मिळालं नाही. मी फोन केला होता. ‘असू द्या मॅडम,’ एवढंच म्हणाला. हे ‘असू द्या’ अजून टोचतं.

तेव्हापासून दोन गोष्टी पाळते. ओव्हरफ्लोशिवाय सही नाही. आणि दर मे महिन्यात, माझी झालेली कामं जिथे चढू देतील तिथे शिडी लावून वर. ताटल्या मोजायच्या, पाला काढायचा आणि तिथल्या माणसाला चहा पाजून हवेची गोष्ट सांगायची. बॅरल आणि डिझेलचं उदाहरण दिलं की त्याला एका मिनिटात कळतं. मॅन्युअल कुणी वाचत नाही.

आता घरी माळवदाच्या जागी स्लॅब टाकायचं चाललंय. आबांनी विचारलं, ‘आपल्याला ते सायफनवालं बसवायचं का?’ मी हसले. ऐंशी मीटरच्या छपराला साधा पाइप पुरे. पण तो गटारीत नाही, टाकीत सोडायचा. आमच्याकडे वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्या हिशेबाने छपरावर ५६ हजार लिटर पाणी पडतं. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने टँकरमागे धावून काढलेले दिवस ज्यांनी बघितलेत, त्यांना हा आकडा वेगळा सांगावा लागत नाही. शहरात पाणी छपरावरून जितक्या लवकर जाईल तितकं बरं, आणि घनसावंगीत ते जितकं थांबेल तितकं बरं.

टाकीच्या ड्रॉइंगमध्ये ओव्हरफ्लो आहे. चार बोटं वर. आबांनी तो तपासून घेतला.

त्यांचे गुडघे आता शिडीला साथ देत नाहीत. पण मे संपत आला की फोन येतोच. तब्येत, जेवण, स्थळ, काही नाही. पहिला प्रश्न एकच.

‘वर चढून आलीस का?’