प्रमाणपत्रानंतरची परीक्षा

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणाचे मूल्यमापन करताना एकच गोष्ट पाहायची असते: शिकलेल्या माणसाला ते साधन स्वतःच्या कामात, स्वतःच्या मोबाइलवर, कुणी शेजारी नसताना आणि धोका ओळखून वापरता येते का. किती जण बसले आणि किती प्रमाणपत्रे वाटली, ही नुसती हजेरी झाली.

सरकारी योजनांत बहुधा हजेरीच मोजली जाते. ग्रामीण कुटुंबातील एकाला संगणक-मोबाइल शिकवणारे प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान 2017 मध्ये सुरू झाले आणि मार्च 2024 मध्ये संपले. लक्ष्य 6 कोटींचे होते. प्रशिक्षित झाले सुमारे 6.39 कोटी, प्रमाणपत्र मिळाले सुमारे 4.77 कोटींना. यांपैकी किती जण आज स्वतः वीजबिल भरतात, हे या आकड्यांतून कळत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने ‘युवा एआय फॉर ऑल’ हा साडेचार तासांचा मोफत अभ्यासक्रम आणला, त्याचे लक्ष्य 1 कोटी. चुकीची मोजपट्टी इथेही लागू शकते.

अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडले का, समजले का, वागणे बदलले का, फळ मिळाले का. पहिल्या दोन वर्गातच उरकतात, म्हणून अहवालात त्याच दिसतात. उरलेल्या दोनसाठी काही महिन्यांनी परत गावात जावे लागते.

त्यासाठी प्रशिक्षणाआधीची पातळी मोजलेली हवी. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या 2023 च्या अहवालासाठी 14 ते 18 वयाच्या ग्रामीण मुलामुलींना मोबाइल आणायला सांगून त्यावर कामे करून घेतली. यूट्यूबवर व्हिडिओ शोधणे बहुतेकांना जमले. गूगल मॅप वापरणे मात्र एक-तृतीयांशाहून थोड्या जास्त जणांनाच. त्याच वयोगटातील सुमारे चौथ्या हिश्श्याला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नव्हता. स्वतःचा मोबाइल असणाऱ्या मुली मुलांच्या निम्म्याहून कमी होत्या. करून दाखवायला लावणारी ही पद्धत बहुपर्यायी प्रश्नांपेक्षा कितीतरी खरी आहे.

उदाहरणादाखल कुंभार पिंपळगाव घ्या, जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. अशा गावासाठी कसोटी शेतातूनच घ्यावी. कपाशीवर तुडतुडे पडले आहेत, ‘पंपाला किती औषध टाकू?’ हा प्रश्न शिकणाऱ्याने एआयला बोलून विचारायचा. पंप साधा की पॉवरचा, हे त्याने सांगितले का? साध्या पंपाचे प्रमाण पॉवर पंपाला चालत नाही, आणि यंत्र ते आपणहून विचारेलच असे नाही. आलेले उत्तर त्याने डब्यावरच्या लेबलशी ताडून पाहिले का? फरक दिसल्यावर हात आवरून सहायक कृषी अधिकाऱ्याला फोन लावला का? परीक्षकाने मुद्दाम एक चुकीचे उत्तरही पुढे ठेवावे. ते जो नाकारतो, तो शिकला. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक माणसे दगावली, तेव्हा ही काळजी फाजील नव्हे. मराठवाडी बोलीतला प्रश्न यंत्राला कळला नाही, तर तो दोष साधनाचा धरावा. शिकणाऱ्याचे गुण कापू नयेत.

फरक प्रशिक्षणामुळेच पडला, हे म्हणायला शेजारच्या, वर्ग न झालेल्या गावातले तसेच लोक तुलनेला लागतात. नाहीतर मुलाने घरी शिकवलेल्याचे श्रेयही योजना घेते. गळालेल्यांची नोंद तर सर्वांत मोलाची. जालना जिल्ह्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे हिवाळ्यातल्या वर्गात दिसणारच नाहीत. संध्याकाळच्या वर्गाला स्वयंपाकाच्या वेळेमुळे बायका येणार नाहीत. केवळ शेवटपर्यंत टिकलेल्यांची सरासरी काढली की कोणताही वर्ग यशस्वी ठरतो. ज्या संस्थेला उत्तीर्णांच्या संख्येवर पैसे मिळतात, तिच्याच हाती परीक्षा देणे हाही तसलाच प्रकार.

फेरतपासणीचा खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकात धरलेला नसेल, तर ती होत नाही. गावात असा वर्ग भरणार असेल, तर ग्रामसभेने सहा महिन्यांनंतरच्या तपासणीची तारीख आणि ती कोण करणार, हे आयोजकांकडून आधी लिहून घ्यावे.