वकील बदलावा की नाही?

कपाशी फुटून पांढरी झाली होती आणि अकोल्याची तारीख नेमकी वेचणीच्या दिवसांत आली. दर्यापूरहून पहाटेची एस.टी. धरून बाबा आणि मी कोर्टात गेलो. दुपारी तीनला पुकारा झाला आणि पुढची तारीख मिळाली. घटस्फोटाचा अर्ज नवऱ्याचा. मी मुलीला घेऊन माहेरी. दोन वर्षे असेच चालले होते. परतीच्या गाडीत मी म्हटले, "बाबा, वकील बदलू या."

बाबा लगेच हो म्हणाले नाहीत. "तूर इकून फी भरली बाई. नव्या वकिलाले सारं पह्यलेपासून सांगा लागंल. बैल चालत नाही म्हणून इकाच्या आधी जू नीट बसलं का थे पाहा लागते."

रात्री मी मुलीच्या जुन्या वहीत दोन रकाने पाडले. एकात वकिलांची चूक, दुसऱ्यात माझी. तारखा लांबतात त्याला एकटा वकील कारण नसतो, हे लिहिताना कळले. माझा रकाना तर रिकामा नव्हताच. नवऱ्याच्या शेताचा सातबारा, लग्नातल्या दागिन्यांची यादी, मुलीच्या शाळेचा खर्च, हे कागद वकिलांनी मागितले होते. मी दिलेच नव्हते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ प्रमाणे खटला चालू असतानाही पोटगी आणि कोर्टखर्च मागता येतो. पण कागदाशिवाय मागायचे कशावर? वकील बदलायचा विचार मी मागे घेतला.

पुढच्या तारखेला सगळे कागद घेऊन गेले. वकिलांनी ते बाजूला ठेवले आणि एक टाईप केलेला अर्ज पुढे केला. "दोघांच्या संमतीने मोकळे व्हा. इथे सही करा." मी वाचायला मागितला, तर म्हणाले, "वाचून तुम्हाला काय कळणार?"

मी सातवी शिकले आहे. वाचले. पोटगीवरचा आणि दागिन्यांवरचा हक्क मी सोडला, असे त्यात होते. संमतीचा घटस्फोट १९७६ पासून कायद्यात आहे आणि त्यात वाईट काही नाही. पण संमती माझीही हवी ना? मी सही केली नाही.

बाहेर आल्यावर बाबाच म्हणाले, "जू ठीक हाये बाई. बैलच दुसऱ्याच्या वावरात वळते."

पैसे नव्हते. पण कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १९८७ च्या कायद्याने बाईमाणसाला तिथे मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट तिला नाही. साधा अर्ज द्यावा लागतो. मी तो दिला.

जुन्या वकिलांनी आधी बाकी फी मागितली आणि कागद अडवले. फी राहिली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, असे सुप्रीम कोर्टाने २००० साली सांगितले आहे. आम्ही भांडलो नाही. लेखी मागणी केली. चार दिवसांनी फाईलही मिळाली आणि 'हरकत नाही' अशी सहीही. ती मिळाली नसती, तर कोर्टाकडे परवानगी मागता आली असती. त्यानंतर नव्या वकीलबाईंचे वकीलपत्र दाखल झाले.

बाईंनी पहिल्याच दिवशी विचारले, "तुम्हाला काय हवे आहे?" दोन वर्षांत हे कोणी विचारले नव्हते. मला उत्तर देता येईना. डोळेच भरून आले.

पोटगीचा अर्ज आता कोर्टात आहे. निकाल लागायचा आहे. तारखा अजूनही पडतात आणि वेचणीची मजुरी अजूनही बुडते. पण कोणती तारीख कशासाठी आहे, हे मला ठाऊक असते.

भगिनींनो, नुसत्या उशिरासाठी वकील बदलू नका. आधी आपली पिशवी तपासा. पण न वाचता सही मागणाऱ्यापाशी एक दिवसही थांबू नका.