चार पायांचा फरमेंटर

मॅगझीनसाठी मी मराठीत लेख देणार म्हटल्यावर रूमवर एकच हशा पिकला. बालवाडीपासून माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये ना! पण हा विषय मला इंग्लिशमध्ये सुचतच नाही. आंबोण, गव्हाण, कुट्टी, रवंथ हे शब्द मी मामाच्या गोठ्यातच शिकले.

मामाचं गाव सांगली जिल्ह्यात. गोठ्यात तीन एचएफ क्रॉस गाई. दिवाळीत मी गेले तेव्हा थोरली नुकतीच व्यायलेली आणि मामाच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता. मामाचा हिशोब सरळ : दूध वाढवायचं तर खुराक वाढवायचा. मक्याचा भरडा तीन किलोवरून आठवड्याच्या आत सहा किलो, आणि तेवढी कडब्याची कुट्टी कमी. दूध खरंच वाढलं. मामा खूश! मग एका सकाळी दूध संस्थेतली स्लिप बघून मामीचा चेहरा पडला. लिटर वाढले होते, पण फॅट चांगलीच उतरली होती. आणि दर तर फॅट-एसएनएफ बघूनच मिळतो.

"अहो, ती रवंथ करत नाहीये, नुसती उभी आहे," मामी म्हणाली.

"दूध देतीया न्हवं?" मामाचं उत्तर.

मी केमिकलची. त्यामुळे डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. मित्रांनो, गाय जे खाते ते आधी तिच्या कोठीपोटातल्या जंतूंना मिळतं. हे पोट म्हणजे दीडशे-दोनशे लिटरचा, ३९ अंशांच्या आसपास चालणारा कंटिन्युअस फरमेंटर. जंतू चारा आंबवतात, त्यातून ॲसिडं तयार होतात आणि त्यांच्यावर गाय जगते. पीएच सांभाळते लाळ. मोठी गाय दिवसाला १०० लिटरहून जास्त लाळ गिळते आणि त्या लाळेत चक्क सोडा असतो! पण लाळ सुटते चघळताना, आणि चघळायला लांब धाग्याची वैरण लागते. भरडा पटकन आंबतो आणि चघळावाही लागत नाही. म्हणजे ॲसिड वाढतं त्याच वेळी बफर कमी. प्रोसेस कंट्रोलच्या पेपरात असा प्लँट आला तर आपण म्हणू, सरांचं काहीतरी चुकलंय.

दूध मग वाढलं कसं? धान्यातल्या स्टार्चपासून प्रोपिऑनिक ॲसिड जास्त बनतं. लिव्हर त्याचं ग्लुकोज करतं, त्यातून कासेत दुधाची साखर तयार होते आणि ती पाणी ओढते. लिटर वाढले ते असे. फॅटला लागतं ॲसिटिक, आणि ते मुख्यतः वैरणीतून येतं. शिवाय पोट आंबट झालं की चाऱ्यातल्या तेलाचं रूपांतर भलत्याच वाटेने होतं आणि त्यातले काही पदार्थ कासेत फॅट बनणंच दाबून टाकतात.

पीएच ६ च्या खाली गेला की वैरण पचवणारे जंतू मंदावतात. रोज काही तास साडेपाचच्या आसपास राहिला तर शेण पातळ होतं, खाणं कमी होतं, पुढे खूर दुखावून गाय लंगडते. ५ च्या खाली म्हणजे लॅक्टिक ॲसिडचा पूर, त्यात जनावर दगावतंसुद्धा. पोळ्याला बैलांना प्रेमाने पोटभर पुरणपोळ्या चारू नका असं डॉक्टर सांगतात ते याच कारणाने.

थोरलीने सहाव्या दिवशी आंबोणाकडे तोंड फिरवलं तेव्हा मामाने डॉक्टरांना बोलावलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, धान्य म्हणजे विष नव्हे, वीस लिटरची गाय नुसत्या कडब्यावर चालणार नाही. पण वाढवायचं ते दोन-तीन आठवड्यांत हळूहळू, दिवसातून चार वेळा थोडं थोडं, आधी वैरण आणि मग खुराक, आणि कुट्टी पिठासारखी बारीक नको. औषधं आणि खायचा सोडा त्यांनी स्वतः मोजून दिला.

गाय सावरली. फॅट यायला मात्र दोन आठवडे गेले. लिटर मधेच कुठेतरी स्थिरावले. डॉक्टरांचं बिल आणि मधल्या दिवसांचं दूध गेलं ते गेलंच. त्या महिन्याचा हप्ता मामीच्या भिशीतून भरला गेला. हे मामाने मला सांगितलं नाही, मामीने सांगितलं.

आता मामी दुपारी गोठ्यात बसून रवंथ मोजते. एका घासाला पन्नासच्या वर चघळलं की तिचं समाधान होतं. रविवारी होस्टेलवर फोन येतो तेव्हा मामा आधी लिटर सांगतो, आणि मागून मामी ओरडते, "शेण घट्ट आहे म्हणावं!"