काळ्या डोंगरांची किंमत

मिझुरी नदी ओलांडून साउथ डकोटात पश्चिमेकडे निघालं की तासन्‌तास गवताशिवाय काही दिसत नाही. रॅपिड सिटीच्या पुढे मात्र रस्ता वळणं घेत चढू लागतो आणि पाइनच्या दाटीने काळपट दिसणारे डोंगर समोर येतात. लाकोटा लोकांचं हे ‘पाहा सापा’, नकाशावरचं ब्लॅक हिल्स. बहुतेक पर्यटकांसारखे आम्हीही आधी माउंट रशमोरला गेलो. प्रवेश फुकट, गाडी लावायला मात्र पैसे.

ध्वजांच्या रांगांमधून पुढे गेलं की ते साठ फुटी चेहरे दिसतात: वॉशिंग्टन, जेफरसन, थिओडोर रूझवेल्ट आणि लिंकन. १९२७ ते १९४१ या काळात सुरुंग लावलावून हा कडा तासला. उडवलेल्या ग्रॅनाइटचा ढीग त्यांच्या हनुवट्यांखाली अजून तसाच पडून आहे. जेफरसनकडे मी जरा जास्त वेळ पाहिलं. १८०३ साली त्याच्या सरकारने दीड कोटी डॉलर मोजून फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट मुलूख घेतला, त्यात हे डोंगरही आले. इथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. डोंगरांची किंमत ठरायला सुरुवात झाली ती अशी, मालकांच्या पाठीमागे.

लिंकनपाशी मराठी माणूस अडखळतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. त्या कृतज्ञतेत काही खोट नाही. पण १ जानेवारी १८६३ला मुक्तीचा जाहीरनामा निघाला, त्याच्या सहाच दिवस आधी मिनेसोटातल्या मँकाटोमध्ये लाकोटांचेच भाईबंद असलेल्या ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली होती. शिक्षा ३०३ जणांना झाली होती. बहुतेकांची नावं लिंकननेच वगळली, आणि उरलेल्यांच्या फाशीला मंजुरीही त्यानेच दिली. होमस्टेड कायद्यावर सहीही त्याच १८६२ सालची. पाच वर्षं कसा आणि १६० एकर जमीन जवळजवळ फुकट घ्या, असा तो कायदा. ती जमीन आधी कुणाची, हे अर्जदाराने विचारायचं कारणच नव्हतं.

रशमोरहून कस्टर गाव जवळच. रस्त्याकडेला रंगवलेले बायसनचे पुतळे, आइस्क्रीमची दुकानं, आणि गावातून वाहणारा फ्रेंच क्रीक हा साधासा ओढा. सगळं घडलं ते या ओढ्यापायी. १८६८च्या फोर्ट लॅरमी तहाने हे डोंगर सू, म्हणजे लाकोटा-डकोटा लोकांचे मानले होते, परक्यांनी तिथे पाऊल टाकायचं नव्हतं. १८७३ साली अमेरिकेत बँका बुडाल्या, बेकारी पसरली. पुढच्याच वर्षी लष्करी अधिकारी जॉर्ज कस्टर हजारभर माणसं घेऊन इथे आला, बरोबर भूगर्भतज्ज्ञ आणि वार्ताहरही. वाळूत सोनं दिसलं, बातमी फुटली आणि लोंढे सुरू झाले.

१८७५ साली सरकारने डोंगरांचे ६० लाख डॉलर देऊ केले. सौदा झाला नाही. पुढच्या जूनमध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टर मारला गेला, आणि ऑगस्टमध्ये काँग्रेसने फर्मावलं: डोंगर सोडा, नाहीतर रेशन बंद. शिकारीवर भागेल इतके बायसन उरले नव्हते. जमीन सोडायची तर तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या हव्यात, ही तहातलीच अट. सह्या मिळाल्या जेमतेम एक दशांश. १८७७च्या कायद्याने डोंगर तरीही गेले. उत्तरेकडे लीड गावातली होमस्टेक खाण त्याच सुमारास सुरू झाली आणि २००२पर्यंत चालली. तिच्यातून ४ कोटी औंसांच्या घरात सोनं निघालं.

डोंगर उतरून आम्ही पाइन रिजच्या राखीव प्रदेशात शिरलो, तशी मोटेलं आणि जाहिरातींच्या पाट्या संपल्या. वुंडेड नीच्या टेकडीवर जाळीच्या कुंपणात एक लांबट सामुदायिक कबर आहे. कुंपणाला रंगीत कापडाच्या चिंध्या बांधलेल्या. २९ डिसेंबर १८९०ला कस्टरच्याच सातव्या घोडदळाने इथे लाकोटा प्रमुख स्पॉटेड एल्कच्या माणसांची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. झटापटीत एक गोळी सुटली आणि टेकडीवरच्या हॉचकिस तोफा खालच्या वस्तीवर धडधडू लागल्या. बायका, मुलं, म्हातारे, पळणारेही सुटले नाहीत. या एका चरात १४६ जण पुरले आहेत. तोफा होत्या त्याच टेकडीवर.

पायथ्याशी एक बाई मण्यांची कर्णफुलं विकत बसल्या होत्या. बोलता बोलता मी सरकारी पैशांचा विषय काढला. १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की डोंगर योग्य मोबदला न देता घेतले गेले, आणि व्याजासकट साडेदहा कोटी डॉलरची भरपाई कायम केली. सू लोकांनी ती उचलली नाही. व्याज साठत ती रक्कम आता शंभर कोटींच्या पुढे गेली आहे, आणि पाइन रिज हा देशातल्या सर्वात गरीब भागांपैकी एक. बाई शांतपणे म्हणाल्या, “पैसे घेतले की विकल्यासारखं होतं. आम्ही विकलेलं नाही.”

मला हा निव्वळ हट्ट वाटला नाही. १९८५ साली सिनेटर बिल ब्रॅडली यांनी विधेयक आणलं होतं: डोंगरातली सरकारी मालकीची सुमारे १३ लाख एकर जमीन परत द्यावी. कुणाचं घर, कुणाचं शेत जाणार नव्हतं, रशमोरही वगळलेलं होतं. विधेयक मंजूर झालं नाही. मग २०१२मध्ये सू जमातींनी डोंगरातलं पे’ स्ला हे पवित्र कुरण ९० लाख डॉलर देऊन विकत घेतलं. २०२२मध्ये वुंडेड नीची ४० एकर जमीन ५ लाख डॉलरना घ्यायचं ठरवलं. ज्यांनी डोंगरांचे पैसे घ्यायला नकार दिला, ते आपल्याच जमिनीचे पैसे मात्र मोजताहेत. विक्रीचा कागद करून मिळालेली जमीन तेवढी त्यांची, असा इथला कायदा. १८७७ साली त्यांच्याकडून डोंगर घेताना मात्र त्याच कायद्याला पुरेशा सह्यांचीही गरज वाटली नव्हती.